गॅरेजमध्ये २००० वॅटचा हीटर: नुसते सॉकेट बदलावे की नवी लाइन ओढावी?

पेटीदुरुस्ती, इंदिरानगर

नमस्कार मंडळी. आमच्या रो-हाउसला लागून दहा बाय सोळा फुटांचे गॅरेज आहे. निवृत्तीनंतर मी तेथे हार्मोनियम दुरुस्त करतो आणि एका कोपऱ्यात स्कूटर उभी असते. जानेवारीतली नाशिकची पहाट आपणा सर्वांना ठाऊक आहे. भात्याचे चामडे चिकटवण्यासाठी मी सरस वापरतो. तो थंड लाकडाला टेकताच आळतो, त्यामुळे जोड वरवर बसलेला दिसतो, पण दोन दिवसांनी नखानेही उचकटतो. म्हणून २००० वॅटचा, पंख्याने गरम हवा फेकणारा हीटर आणला. गॅरेजमध्ये दिवा आणि पंखा यांच्यासाठी ६ अँपिअरचा एकच बोर्ड आहे, तेव्हा जाड पिनांचा प्लग बसावा म्हणून मध्ये कन्व्हर्टर लावला.

तिसऱ्या दिवशी जळकट वास आला. प्लग उपसून पाहिला, तर एक पिन तपकिरी पडली होती आणि सॉकेटच्या भोकाभोवतीचे प्लास्टिक फुगून वर आले होते. एमसीबी (जास्त प्रवाह झाल्यास आपोआप पडणारा स्विच) मात्र पडला नव्हता, आणि याचेच मला अधिक भय वाटते. घरातील डीबीपासून, म्हणजे वीज वाटणाऱ्या पेटीपासून, गॅरेजपर्यंत वायरचे अंतर सुमारे २५ मीटर आहे. त्यापैकी ६ मीटर उघड्या अंगणातून जाते. केवळ सॉकेट बदलून भागेल काय?

सातपूरकर

त्याच बोर्डावर १६ अँपिअरचे सॉकेट बसवावे आणि डीबीत ३२ चा एमसीबी टाकावा, म्हणजे तो सारखा पडणार नाही. आमच्या शेजाऱ्यांनी असेच केले आहे.

परवानाधारक वायरमन, पाथर्डी फाटा

सातपूरकर, कृपया हा सल्ला कोणीही अमलात आणू नये. एमसीबी हीटरसाठी नसून भिंतीतल्या वायरसाठी असतो. दिव्याच्या लाइनला बहुधा १ किंवा १.५ चौरस मिलिमीटरची वायर असते. तिच्यामागे ३२ चा एमसीबी लावला, तर वायर भिंतीतल्या पाइपात वितळू लागली तरी तो शांत बसेल.

काका, आपला एमसीबी का पडला नाही, ते सांगतो. २००० वॅटला २३० व्होल्टने भागले की सुमारे ८.७ अँपिअर येतात. ६ अँपिअरच्या सॉकेटला हे झेपत नाही, पण लाइनवरचा एमसीबी १० किंवा १६ चा असेल तर त्याच्या दृष्टीने काही बिघडलेले नसते. त्याला प्रवाह कळतो. सॉकेटमधली पट्टी सैल होऊन तेथे निर्माण झालेली उष्णता त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

म्हणून डीबीपासून हीटरसाठी स्वतंत्र लाइन ओढावी, आणि तिच्यावर दुसरे काहीही जोडू नये. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हिशोबाने पुरते, कारण २५ मीटरमध्ये जेमतेम ४ व्होल्ट घटतात. तरीही मी ४ ची सुचवीन, कारण तासन्तास चालणाऱ्या लोडला वायर थंड राहिलेली बरी. वायर ४ ची असली, तरी सॉकेट १६ अँपिअरचे असल्याने एमसीबी १६ चाच ठेवावा. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच, हवाच. अंगणात तीन कोअरची (आत तीन वायर असलेली) आर्मर्ड, म्हणजे धातूच्या कवचाची, केबल अडीच फूट खोल पुरून, खाली-वर वाळू आणि त्यावर विटा घालाव्यात. कपडे वाळत घालण्याच्या तारेसारखी ती वरून लोंबकळत नेऊ नये.

गंगापूर रोड

वायरिंगचे उत्तर मिळाले आहे. मला स्कूटरची काळजी वाटते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत साचून राहते, आणि आपला हीटर बहुधा जमिनीवरच ठेवलेला असणार. त्याची तापलेली कॉइल आणि ती वाफ एकाच उंचीवर येतात. स्कूटर बाहेर लावावी आणि स्पिरिट पॉलिश किंवा थिनरचे काम असेल त्या दिवशी हीटर लावूच नये. तेलाच्या हीटरमध्ये कॉइल उघडी नसते, पण त्याच्याही थर्मोस्टॅटमध्ये ठिणगी पडते, म्हणून या बाबतीत तोही सुरक्षित समजू नये.

पेटीदुरुस्ती, इंदिरानगर

आपणा दोघांचा आभारी आहे. स्कूटर आजच बाहेर काढली. एक शंका आहे. आज आलेल्या कारागिराने बोर्ड उघडला, तेव्हा गॅरेजपर्यंत अर्थिंगची वायर आलेलीच नाही असे आढळले. सॉकेटच्या अर्थच्या पिनेला न्यूट्रलमधून छोटा तुकडा जोडून देतो, असे तो म्हणाला. मी त्याला थांबवले आहे.

परवानाधारक वायरमन, पाथर्डी फाटा

थांबवलेत हे फार चांगले केलेत. असा तुकडा जोडला आणि पुढे कधी न्यूट्रल कोठे तुटला, तर फेजचा करंट कॉइलमधून फिरून थेट हीटरच्या पत्र्यावर येतो. आपला हात सरसाने ओला असतो, पाय फरशीवर असतात. नव्या केबलचा तिसरा कोअर अर्थचा असेल. तो डीबीतल्या अर्थच्या पट्टीपर्यंत अखंड न्यावा. घराच्या अर्थिंगचा खड्डाही जुना असेल, तर अर्थ टेस्टर असलेल्या परवानाधारकाकडून त्याचा रेझिस्टन्स मोजून घ्यावा. घराच्या मंजूर भारात हे २ किलोवॅट बसतात की नाही, ते महावितरणच्या बिलावर पाहावे.

काम संपल्यावर आरसीसीबीचे टेस्टचे बटण दाबून तो पडतो याची खात्री करावी. मग हीटर सलग तासभर चालवावा, स्विच बंद करावा आणि लगेच प्लगच्या प्लास्टिकवर बोट ठेवून पाहावे. तो कोमट लागला तर चालेल. चटका बसला, तर कोठेतरी स्क्रू सैल आहे. त्या दिवशी हीटर पुन्हा लावू नये आणि मेन बंद करून सॉकेटचे तिन्ही जोड पुन्हा आवळून घ्यावेत.