परफॉर्मन्स सेडानसाठी १७ इंचांवरून १८ की १९? रिम आणि टायरच्या निवडीबाबत सल्ला हवा

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे दोन लिटर टर्बो-पेट्रोल इंजिनाची, फ्रंट-व्हील ड्राइव्ह सेडान आहे. कंपनीतून ती २२५/४५ आर १७ ९१डब्ल्यू या मापाच्या टायरांवर आली (रुंदी २२५ मिलिमीटर, साइडवॉल म्हणजे टायरची बाजूची भिंत रुंदीच्या ४५ टक्के, रिम १७ इंची, ९१ हा भाराचा निर्देशांक आणि डब्ल्यू वेगाचा). रिम ७.५ इंच रुंद असून तिचा ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून ती गाडीला टेकते त्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर, ईटी ४५ (४५ मिलिमीटर) आहे. टायर आता बदलायला आले आहेत, तेव्हा त्याच वेळी मोठ्या रिम घ्याव्यात असा विचार आहे. दिसण्याचा मोह मला नाही असे म्हणणार नाही, पण मुख्य कारण वेगळे आहे. घाटातल्या सलग वळणांवर स्टिअरिंग फिरवल्यावर गाडीचे नाक वळायला क्षणभर उशीर लावते, आणि वेग थोडा जास्त असला की पुढची बाजू वळणाबाहेर सरकू लागते. पुढच्या दोन्ही टायरांची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा बरीच जास्त झिजली आहे.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत: ८ इंची, ईटी ४५ रिमवर २२५/४० आर १८, त्याच रिमवर २३५/४० आर १८, किंवा ८.५ इंची, ईटी ३५ रिमवर २३५/३५ आर १९. विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार तिन्ही “आरामात बसतात”. माहितीपुस्तिकेप्रमाणे पुढच्या आसावर जास्तीत जास्त ११०० किलो भार चालतो आणि हवा ३३ पीएसआय ठेवायची आहे. यांपैकी कोणता पर्याय निवडावा, आणि निवडताना नेमके काय तपासावे?

पहिला प्रतिसाद

तुम्ही मापे आणि आसावरचा भार आधीच दिलात, त्यामुळे नेमके बोलता येईल.

सुरुवात टायरच्या एकूण व्यासापासून करू. तुमच्या सध्याच्या टायरचा व्यास ६३४ मिलिमीटर आहे. २२५/४० आर १८ चा व्यास ६३७ मिलिमीटर भरतो, म्हणजे फरक अर्ध्या टक्क्याच्या आत राहतो. २३५/४० आर १८ मध्ये तो ६४५ होतो, म्हणजे पावणेदोन टक्के जास्त, आणि २३५/३५ आर १९ मध्ये ६४७, म्हणजे दोन टक्के. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण चाक मोठे झाले की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते. त्यामुळे स्पीडोमीटर पूर्वीपेक्षा तेवढाच कमी वेग दाखवतो आणि गिअरिंगही तेवढेच लांबते. तुमच्यासारख्या गाडीत मूळ व्यासाच्या एक टक्क्याच्या आत राहणे मला सर्वांत योग्य वाटते.

आता सर्वांत दुर्लक्षित मुद्दा, भाराचा. ९१ या निर्देशांकाचा अर्थ एका टायरला ६१५ किलो. २२५/४० आर १८ बहुधा ९२ एक्सएल (जास्त हवेवर जास्त भार पेलणारा टायर) या रूपात मिळतो, म्हणजे ६३० किलो, आणि ९२ हा आकडा ९१ पेक्षा मोठा आहे एवढे पाहून लोक निश्चिंत होतात. मात्र साध्या टायरची पूर्ण क्षमता २.५ बार, म्हणजे साधारण ३६ पीएसआय हवेला धरलेली असते, तर एक्सएल टायरची २.९ बार, म्हणजे ४२ पीएसआयला. हवा कमी केली की क्षमताही उतरते. नेहमीच्या सूत्राने गणित केले, तर ३३ पीएसआयला तुमचा आताचा टायर साधारण ५७५ किलो पेलतो आणि नवा एक्सएल टायर त्याच हवेला जेमतेम ५२० किलो. तुमच्या पुढच्या एका चाकावर ५५० किलोपर्यंत भार येऊ शकतो. म्हणजे जुन्या सवयीने ३३ भरून गाडी भरगच्च लादलीत, तर “जास्त ताकदीचा” टायर प्रत्यक्षात अपुरा पडेल. जुन्या टायरइतकी क्षमता हवी असेल, तर त्यात ३७ ते ३८ पीएसआय ठेवावे लागतील. १८ इंचांवर गेल्यावर गाडी कडक झाल्याची तक्रार होते, तिचा अर्धा उलगडा इथे होतो. साइडवॉल १०१ मिलिमीटरवरून ९० वर येते, ही एक गोष्ट झाली, आणि टायरमध्ये हवाही जास्त भरावी लागते, ही दुसरी.

पकडीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. रिमचा व्यास वाढल्याने पकड आपोआप वाढत नाही. पकड देते ते रबराचे मिश्रण, टायरची आतली बांधणी आणि थोड्या प्रमाणात रुंदी. आखूड साइडवॉलमुळे स्टिअरिंगला प्रतिसाद लवकर मिळतो, आणि “नाक उशिरा वळते” या तुमच्या तक्रारीवर १८ इंच हा खरा उपाय आहे. “पुढची बाजू सरकते” ही तक्रार मात्र वेगळी आहे. तिच्यासाठी १७ इंचांतच उत्तम दर्जाचा उन्हाळी परफॉर्मन्स टायर घेतलात, तर सुमार टायर चढवलेल्या १९ इंचांपेक्षा तो नि:संशय सरस ठरेल. आणि बाहेरची कड झिजते आहे, तर काहीही विकत घेण्यापूर्वी व्हील अलाइनमेंट तपासून घ्या. टो (वरून पाहता चाकांची टोके आत किंवा बाहेर वळलेली असणे) जास्त आत असेल किंवा कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) पुरेसा नकारात्मक, म्हणजे वरची बाजू आत झुकलेला, नसेल, तर नवे टायरही तसेच झिजतील.

दुसरा प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी सहमत. फक्त १९ इंचांविषयी स्वतःचा अनुभव सांगतो.

मी याच वर्गातल्या सेडानवर २३५/३५ आर १९ चढवले होते. साइडवॉल जेमतेम ८२ मिलिमीटर. रात्री पावसात पाण्याने भरलेला एक खड्डा दिसला नाही, चाक त्यात गेले आणि ठोका थेट आसनापर्यंत आला. हवा गेली नाही, म्हणून तसाच घरी आलो. दोन दिवसांनी गाडी धुताना साइडवॉलवर लिंबाएवढा फुगवटा हाताला लागला. आतले धागे तुटले की असा फुगवटा येतो, आणि त्याला दुरुस्ती नसते, टायर बदलावाच लागतो. चाक बॅलन्सिंगच्या यंत्रावर फिरवले तेव्हा आतली कड एका जागी चेपलेली स्पष्ट दिसली. बाहेरून मात्र ती रिम नव्यासारखीच होती. त्यानंतर मी १८ इंचांवर आलो. रोजचा रस्ता खराब असेल, तर १९ चा विचार करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. हवेच्या दाबाचे गणित मला पूर्णपणे नवे होते. १९ इंचांचा पर्याय मी बाजूला ठेवतो.

आज जॅक लावून पुढचे चाक काढले आणि मोजमाप घेतले. सध्याच्या टायरच्या आतल्या बाजूपासून शॉकअब्सॉर्बरच्या नळीपर्यंत १४ मिलिमीटर अंतर आहे. ८ इंची, ईटी ४५ रिम या जागेत बसेल का? आणि वाचनात आले की ऑफसेट कमी केला तर चाके बाहेर येऊन गाडी जास्त स्थिर होते. मग १८ इंचांतही ईटी ३५ घ्यावा का?

तिसरा प्रतिसाद

ऑफसेटचा हिशेब कागदावर मांडला की घोळ राहत नाही. रिम ७.५ वरून ८ इंच झाली, म्हणजे १२.७ मिलिमीटर वाढली. ईटी तोच ठेवला, तर ही वाढ दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी जाते, म्हणजे आत सहा आणि बाहेर सहा मिलिमीटरच्या थोडे वर. रिम रुंद झाल्याने टायरही जरा पसरतो, पण तो पसरतो त्या या सहा मिलिमीटरच्या आतच. तुमच्याकडे १४ मिलिमीटर आहेत, तेव्हा नळीपाशी सात-आठ मिलिमीटर उरतील. तेवढे पुरेसे आहेत. २३५ रुंदीचा टायर घेतलात, तर यातूनही काही मिलिमीटर जातील, शिवाय त्याची त्रिज्या पाच मिलिमीटरने वाढलेली असेल. म्हणून दुसऱ्या पर्यायात धोका जास्त आणि फायदा थोडा, असे माझे मत आहे.

ईटी ३५ चा मोह टाळा, आणि तुमची गाडी फ्रंट-व्हील ड्राइव्ह असल्यामुळे हे जास्तच आग्रहाने सांगतो. पुढचे चाक ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष खाली वाढवला, तर तो जमिनीला एका बिंदूत भेटतो. त्या बिंदूपासून टायरच्या मध्यापर्यंतचे अंतर कंपनीने विचारपूर्वक ठरवलेले असते. ऑफसेट दहा मिलिमीटरने कमी केला, की टायरचा मध्य तेवढाच बाहेर सरकतो आणि ते अंतर बदलते. परिणामी, पूर्ण ताकद लावली की स्टिअरिंग हातात ओढ घेऊ लागते, आणि एक चाक खड्ड्यात गेले की झटका थेट हाताला बसतो. चाकांमधले अंतर वाढल्याने वळणावर किंचित लाभ होतो हे खरे आहे, पण पुढच्या बाजूला त्याची किंमत मोजावी लागते.

रिम घेताना हबवर (गाडीच्या ज्या भागावर चाक बसते त्यावर) बसणाऱ्या तिच्या मध्यछिद्राचा व्यास जरूर पाहा. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच रिमचे छिद्र हबपेक्षा मोठे असते, आणि मधली पोकळी नेमक्या मापाच्या रिंगने भरावी लागते. ती रिंग नसेल, तर चाक हबवर अचूक मध्यात बसेलच असे नाही, आणि बॅलन्सिंग कितीही वेळा केले तरी वेगात स्टिअरिंग थरथरत राहते. बोल्टची बैठकही तपासा. काही बोल्ट शंकूसारखे टेकतात, काही गोलाकार, आणि गोलाकार बोल्ट शंकूच्या बैठकीत घट्ट बसल्यासारखा वाटला तरी कडेच्या बारीक रेघेवरच टेकलेला असतो. असे चाक पुढे ढिले होऊ शकते. रिमच्या आतल्या बाजूला कमाल भार कोरलेला असतो. तो तुमच्या बाबतीत ५५० किलोपेक्षा कमी असता कामा नये.

वजनाकडे दुर्लक्ष करू नका. माझ्या जुन्या १७ इंची चाकाचे वजन टायरसह साडेवीस किलो होते, आणि आधी घेतलेल्या साध्या ओतीव १८ इंची चाकाचे तेवीस. हे जास्तीचे वजन स्प्रिंगच्या खाली असते, शिवाय रिमची कड मध्यापासून लांब गेल्याने चाक फिरवायला आणि थांबवायलाही जास्त जोर लागतो. गाडी मला खरोखरच आळसावल्यासारखी वाटली. नंतर फ्लो-फॉर्म्ड (ओतल्यावर कड दाबून पातळ आणि मजबूत केलेल्या, हलक्या) रिम घेतल्या, तेव्हा हा फरक जवळपास भरून निघाला. दुकानात वजनकाटा मागायला संकोच करू नका.

शेवटी, चारही टायर विकत घेण्याआधी एक चाक चढवून पाहा. मडगार्डच्या आतल्या लायनरवर, विशेषतः पुढच्या कोपऱ्यात, मऊ मातीचे बोटभर जाडीचे गोळे चिकटवा. पाठीमागे दोन माणसे बसवा, स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवून रिकाम्या मैदानात सावकाश चालवा, मग एखादा गतिरोधक तिरका ओलांडा. उतरून गोळे किती चेपले ते पाहिले की उरलेली जागा मिलिमीटरमध्ये कळते.

धागाकर्ता

आज हे सर्व करून आलो. अलाइनमेंट केले, तेव्हा पुढच्या चाकांचा टो मर्यादेपेक्षा आत निघाला. कड झिजण्याचे कारण बहुधा तेच होते. ८ इंची, ईटी ४५ ची फ्लो-फॉर्म्ड रिम २२५/४० आर १८ टायरसह एका बाजूला चढवून पाहिली. चाक काट्यावर २०.८ किलो भरले. मातीचा पुढचा गोळा नऊ मिलिमीटर जाड उरला, बाकीच्यांना टायर लागलाच नाही. हबसाठी रिंग वेगळी मागवावी लागली, कारण रिमबरोबर आलेली रिंग बोटाने हलत होती. ती आली की चारही चाके बसवून ३७ पीएसआय हवा ठेवणार आहे.

पहिला प्रतिसाद देणारे

उत्तम निवड. हवा टायर थंड असतानाच मोजा. चाके चढवल्यावर ८०-१०० किलोमीटर चालवून बोल्ट टॉर्क रेंचने, पुस्तिकेत दिलेल्या मापाने पुन्हा एकदा तपासा. तुमच्या गाडीत हवेचा दाब चाकांच्या फेऱ्यांवरून ओळखणारी यंत्रणा असेल, तर ३७ पीएसआय भरून झाल्यावर ती नव्याने सेट करायला विसरू नका, नाहीतर ती जुन्या टायरांच्या हिशेबानेच इशारे देत राहील.