मदत हवी आहे: चेहरा स्थिर, हात धूसर असा फोटो कसा काढू?

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण ढोल-ताशा पथकात ताशा वाजवते. नदीपात्रात सराव सुरू आहे, आणि मला तिचं असं पोर्ट्रेट हवंय की डोळे अगदी लख्ख दिसावेत, पण हात आणि काड्या वेगाने विरघळलेल्या वाटाव्यात. १/५०० सेकंद शटर स्पीडला काढलं तर काड्या हवेत गोठतात, फोटो मुका वाटतो. त्यात ताशाचा कडकडाट ऐकूच येत नाही.

ट्रायपॉड लावून १/८ वर गेले. हात सुंदर आले, पण मानही डुलते ना, चेहराच पुसला गेला. १/३० ला चेहरा बरा येतो, धूसरपणा मात्र अपुरा. शिवाय पाचच्या उन्हात आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १०० आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/१६ इतकं लहान ठेवूनही १/८ ला फोटो पांढराफटक पडतो. छिद्र आणखी लहान करून एफ/२२ ला नेलं तर सगळंच मऊ, कमी रेखीव होतं, म्हणून ते नको.

एनडी८ फिल्टर (लेन्ससमोर लावायची, प्रकाश कमी करणारी गडद काच) पुरेल का? की अंधार पडल्यावर रिअर कर्टन फ्लॅश (शटर बंद होण्याच्या जरा आधी उडणारा) वापरू, म्हणजे शेवटच्या क्षणी चेहरा पकडला जाईल? फ्लॅशची पॉवर किती ठेवता? वादकांच्या डोळ्यांवर झगमगाट होऊन ताल चुकायला नको, ही मोठी काळजी आहे. कोणी नाचणाऱ्यांचे किंवा वादकांचे असे फोटो काढले असतील तर सेटिंगसकट नक्की सांगा.