वाफेच्या इंजिनाचे छायाचित्र कपावर छापताना साल लिहावे का?

इंद्रायणीकाठ: अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील ड्युरँगो हे गाव रेल्वे कंपनीनेच वसवले. शेजारच्या ॲनिमस सिटीने डेन्व्हर अँड रिओ ग्रँड कंपनीच्या अटी मान्य केल्या नाहीत, तेव्हा कंपनीने १८८० मध्ये दोन मैल दक्षिणेला नवे गाव आखले आणि १८८२ मध्ये तिथून सिल्व्हर्टनच्या खाणींपर्यंत तीन फुटी नॅरोगेज मार्ग नेला. आज या गावाची आणि त्या मार्गावर धावणाऱ्या वाफेच्या गाडीची छायाचित्रे कप, उशांचे अभ्रे, जिगसॉ आणि कॅनव्हासवर छापून विकली जातात. विक्रीला माझी हरकत नाही. छायाचित्र कधीचे आहे हे त्या वस्तूवर कुठेही नसते, याला आहे. सर्वाधिक दिसते ते कड्यावरून जाणारे, काळ्या धुराचा लोट सोडणारे इंजिन. २०१८ च्या जूनमध्ये या परिसरात मोठा वणवा पेटला, तो गाडीच्या ठिणगीने लागल्याचा दावा सरकारने केला, रेल्वेने तो नाकारला आणि २०२२ मध्ये दोन कोटी डॉलरवर तडजोड झाली. वणव्यानंतर इंजिने टप्प्याटप्प्याने कोळशावरून तेलावर आणली गेली. म्हणजे तो कोळशाचा धूर आता इतिहासजमा आहे, आणि साल न लिहिलेले चित्र तो आजचा म्हणून घरोघरी पोहोचवते.

घाटमाथा: मला हे पटत नाही. या मार्गाची सुरुवातीची नामांकित छायाचित्रे विल्यम हेन्री जॅक्सन यांनी १८८० च्या दशकात काढली, तीही रेल्वे कंपनीसाठी, प्रवासी यावेत म्हणून. पुढे त्यांच्या कृष्णधवल काचा, म्हणजे काचेवरच्या मूळ निगेटिव्ह, डेट्रॉइटच्या एका प्रकाशन कंपनीकडे गेल्या, आणि तिथल्या कारागिरांनी रंग भरून केलेली चित्रे देशभर विकली गेली. विकण्यासाठीच काढलेल्या चित्रांची ही परंपरा आहे. कप हे तिचेच पुढचे रूप. कप घेणारा माणूस पुरावा विकत घेत नाही, आपण त्या गाडीत बसलो होतो ही आठवण घेतो. त्याच्यावर दस्तऐवजाची शिस्त लादणे अन्यायाचे आहे. शिवाय छायाचित्रकाराला अशा वस्तूंमागे फार थोडे मिळते, त्यात नव्या अटी नकोत.

छापखाना: मी सब्लिमेशन छपाईचे, म्हणजे उष्णतेने शाई वस्तूवर उतरवण्याचे, काम करतो, म्हणून व्यवहाराचे सांगतो. कपावर चित्रासाठी साधारण वीस बाय नऊ सेंटिमीटरची आडवी पट्टी मिळते. कॅमेऱ्यातले चित्र तितके लांबट नसते, त्यामुळे वरखाली कापावेच लागते, आणि बहुतेक वेळा कात्री लागते ती धुराला किंवा खालच्या नदीला. तापमान किंवा वेळ थोडी चुकली तरी काळा रंग तपकिरी होतो, आणि गडद इंजिनावर ते लगेच दिसते. साल मात्र कानाजवळच्या कोऱ्या जागेत बारीक अक्षरांत सहज बसते, आणि त्याचा वेगळा खर्च नाही. अडचण यंत्राची नाहीच. फाइल पाठवणारा साल लिहून देत नाही.

इंद्रायणीकाठ: घाटमाथा, जॅक्सन यांचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. त्या रंगीत चित्रांतले आकाश आणि खडक यांचे रंग छापणाऱ्यांनी ठरवले होते, हे आज आपल्याला कळते, कारण मूळ काचा जपल्या गेल्या आणि चित्रे कुणाची व कोणत्या काळातली हे नोंदले गेले. कपामागे अशी कोणतीही नोंद उरत नाही. आणि आठवणच विकत घ्यायची असेल, तर ती कोणत्या वर्षाची हे ठाऊक असायला नको का? ४८१ क्रमांकाचे इंजिन १९२५ चे आहे. कोळशाच्या काळातले त्याचे चित्र आणि आजचे चित्र या दोन वेगळ्या आठवणी आहेत.

घाटमाथा: भिंतीवर लावायच्या कॅनव्हासबाबत आणि मर्यादित प्रतींबाबत मी हे मान्य करतो; तिथे साल, ठिकाण आणि इंजिनाचा क्रमांक मागे छापलाच पाहिजे, कारण ती वस्तू कलाकृती म्हणून विकली जाते आणि किंमतही तशी घेतली जाते. कप आणि उशी यांच्यावर मात्र तो निर्णय छायाचित्रकाराचाच राहावा, असेच माझे मत आहे.