मदत हवी आहे: इसे जिंगूजवळ माळकरी आईला काय खाऊ घालू?

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरात आईला घेऊन जपानला इसे जिंगूच्या दर्शनाला जातोय. तिथलं देऊळ दर 20 वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्यानं बांधतात, मागचं 2013 मध्ये झालं. हे ऐकल्यापासून आईनं ध्यासच घेतलाय. रीतीप्रमाणे आधी गेकू (बाहेरचं देऊळ), मग नाइकू (आतलं देऊळ) करू.

अडचण जेवणाची आहे. आई माळकरी. इसे उदोनच्या जाड, मऊसूत शेवया तिला आवडतील, पण त्यांच्या काळ्या रसात सुक्या माशाचा अर्क असतो. अकाफुकु चालेल: मऊ मोचीवर (तांदळाच्या चिकट गोळ्यावर) अझुकी या लाल कडधान्याचं गोड पुरण, त्यावर बोटांनी उमटवलेल्या इसुझू नदीच्या लाटा. पण नुसत्या गोडावर दिवस कसा निघणार? नाइकूजवळच्या ओकागे योकोचो या बाजारगल्लीच्या आसपास माशाविना पोटभर जेवण कुणाला मिळालंय का? दुकानदाराला जपानीत नेमकं काय सांगायचं, तेही कृपया लिहा.