लॉस एंजेलिसची डिस्ट्रिक्ट अॅटर्नीची निवडणूक आणि अल्पवयीन आरोपींच्या शिक्षेचा प्रश्न

प्रश्न (टॉरन्स, कॅलिफोर्निया, ऑक्टोबर २०२४)

सर्वांना नमस्कार. ५ नोव्हेंबरच्या निवडणुकीची मतपत्रिका टपालाने घरी आली असून बाकीच्या खुणा करून झाल्या आहेत, पण डिस्ट्रिक्ट अॅटर्नीच्या (काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मुख्य सरकारी वकिलाच्या) रकान्यापाशी मी थांबलो आहे. विद्यमान जॉर्ज गॅस्कोन आणि त्यांच्याविरुद्ध उभे असलेले नेथन हॉकमन यांच्या नावांपुढे पक्षाचा उल्लेख नाही, कारण हे पद पक्षविरहित आहे. प्रचारात मात्र अल्पवयीन गुन्हेगारांचा विषय सारखा येतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या हातून खून झाला, तर त्याला प्रौढ समजून शिक्षा द्यायची की नाही, हे खरोखरच या एका निवडून आलेल्या वकिलाच्या हाती असते का? माझा मुलगा यंदा सोळा वर्षांचा झाला, त्यामुळे हा प्रश्न मनातून जात नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (पॅसाडीना)

पूर्णपणे त्यांच्या हाती नाही, पण सुरुवात त्यांच्याच हाती असते. २००० साली मतदारांनी संमत केलेल्या प्रस्ताव २१ मुळे अनेक गंभीर गुन्ह्यांत सरकारी वकील अल्पवयीन आरोपीचा खटला थेट प्रौढ न्यायालयात दाखल करू शकत असत. २०१६ च्या प्रस्ताव ५७ ने तो अधिकार काढून न्यायाधीशांकडे दिला, आणि २०१९ पासून चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना तिकडे पाठवणे जवळजवळ बंदच झाले. आता सरकारी वकिलाने अर्ज केल्यावर बाल न्यायालयात सुनावणी होते. गुन्ह्यामागची समज आणि योजना किती प्रगल्भ होती, बाल न्यायालयाचा अधिकार संपण्याआधी (गंभीर गुन्ह्यांत तो वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत टिकू शकतो) मूल सुधारू शकेल का, पूर्वीचे गुन्हे कोणते, आधीच्या सुधारणेच्या प्रयत्नांचे काय झाले आणि गुन्हा किती गंभीर होता, या पाच बाबी न्यायाधीश तपासतात. प्रोबेशन अधिकाऱ्याच्या (आरोपी मुलांवर देखरेख ठेवणाऱ्या काउंटीच्या अधिकाऱ्याच्या) अहवालात मुलाचे घर, शाळा, मारहाण, व्यसन असे सगळे आलेले असते. परंतु सरकारी वकिलाने अर्जच केला नाही, तर ही सुनावणी होत नाही. गॅस्कोन यांनी डिसेंबर २०२० मध्ये पदभार घेताच असे अर्ज सरसकट थांबवले. आपल्या निवडणुकीचा या विषयाशी असलेला संबंध तो हाच.

मला स्वतःला त्यांचा मूळ विचार पटतो. अल्पवयीनांना पॅरोलविना (म्हणजे मुदतपूर्व सुटकेची संधी नसलेली) जन्मठेप सक्तीने देता येणार नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ठरवले, त्यामागे मुलाची समज घडत असते हेच कारण होते.

उत्तर २ (लँकेस्टर)

विचार पटला तरी सरसकट नियम मला मान्य नाही, आणि त्याचे कारण आमच्या शेजारच्या पामडेलमध्ये घडले आहे. २०१४ मध्ये एका उपाहारगृहाच्या स्वच्छतागृहात दहा वर्षांच्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाला. आरोपीला अठरावे वर्ष लागायला तेव्हा दोन आठवडे उरले होते. डीएनएवरून ओळख पटून अटक होईपर्यंत काही वर्षे गेली. तरीही नियमाप्रमाणे प्रौढ न्यायालयासाठी अर्ज झाला नाही, आणि २०२२ मध्ये सव्वीस वर्षांच्या त्या व्यक्तीला बालगुन्हेगारांच्या केंद्रात दोन वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगातील तिची दूरध्वनीवरील संभाषणे उघड झाल्यावर गॅस्कोन यांनी त्याच वर्षी फेब्रुवारीत अपवादांची वाट खुली केली. त्या मुलीच्या आईवडिलांना हा उशिराचा बदल काय उपयोगाचा? हॉकमन प्रत्येक खटला स्वतंत्रपणे पाहू म्हणतात, म्हणून माझे मत त्यांना.

उत्तर ३ (नागपूर, वकील)

तुलनेसाठी आमच्याकडची पद्धत सांगतो. येथे सरकारी वकील निवडून येत नाही, राज्य सरकार त्याची नेमणूक करते. सोळा ते अठरा वयोगटातील विधिसंघर्षग्रस्त बालकाकडून निर्घृण गुन्हा घडल्याचा आरोप असेल, तर २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे, प्रौढ म्हणून खटला चालवावा का हे ठरवण्यासाठी, बाल न्याय मंडळ त्याच्या मानसिक व शारीरिक क्षमतेची प्राथमिक तपासणी करते. मात्र जनक्षोभापासून आम्हीही सुटलेलो नाही. मे महिन्यात पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये अल्पवयीन चालकाच्या गाडीने झालेल्या अपघातानंतर तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर मिळालेल्या जामिनाबद्दल जो संताप उसळला, तो सर्वांनी पाहिला. तो संताप मला समजतो. पण संतापाच्या भरात वयाची रेषा हलवणे धोक्याचे आहे, आणि ज्याला चार वर्षांनी मते मागायची आहेत त्याच्यावर तर हा दबाव कायमचाच असणार.

उत्तर ४ (लाँग बीच)

एक गोष्ट राहून गेली. राज्याची बालसुधार केंद्रे ३० जून २०२३ रोजी बंद झाली आणि ती मुले काउंटीकडे आली. त्याच्या महिनाभर आधीच अशा केंद्रांची तपासणी करणाऱ्या राज्य मंडळाने काउंटीच्या दोन बालगृहांना राहण्यास अयोग्य ठरवले होते. सुधारणेची जागाच अशी असेल, तर बाल न्यायालयात खटला ठेवून मुलाला मिळणार काय? ही जबाबदारी प्रोबेशन विभागाची आणि काउंटीचा कारभार पाहणाऱ्या पर्यवेक्षक मंडळाची आहे, डिस्ट्रिक्ट अॅटर्नीची नव्हे. पर्यवेक्षकांनाही आपणच निवडतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. अर्ज सरसकट थांबवणे मला आता चूक वाटते, आणि सरसकट अर्ज करणे त्याहून मोठी चूक वाटते. मत ठरवण्यापूर्वी दोन्ही उमेदवारांच्या कार्यालयांना आज ईमेल पाठवून विचारतो की, अर्ज करण्याआधी त्यांचे वकील प्रोबेशनचा अहवाल आणि बचाव पक्षाचे म्हणणे पाहतील का, आणि अंतिम सही कोणाची असेल. उत्तर आले, तर ते येथे जसेच्या तसे देईन.