खेरांच्या आधीचं कूपर मंत्रिमंडळ, आणि खोती

१९३७ च्या निवडणुकीनंतर मुंबई प्रांतात पहिलं मंत्रिमंडळ बाळासाहेब खेरांचं आलं, असं म्हटलं जातं. त्यात एक दुरुस्ती. १७५ पैकी ८६ जागा मिळवूनही काँग्रेसने आधी सत्ता घेतली नाही, कारण गव्हर्नर आपले विशेष अधिकार वापरणार नाही याची हमी तिला हवी होती. मधल्या काळात, एप्रिल ते जुलै, साताऱ्याचे धनजीशा कूपर मंत्रिमंडळाचे प्रमुख होते. खेर आले ते १९ जुलैला. त्यांच्या मंत्रिमंडळात लठ्ठे अर्थ, मुन्शी गृह, मोरारजी महसूल, डॉ. गिल्डर आरोग्य; नुरी आणि लक्ष्मण पाटीलही होते.

पण मंत्र्यांच्या यादीवरच थांबू नका. त्या सभागृहातले विरोधी बाक बघा! बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने १७ उमेदवार उभे केले, १४ निवडून आणले, त्यातले तीन सर्वसाधारण जागांवर. सप्टेंबर १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती, म्हणजे कोकणात खोत नावाच्या मध्यस्थाने कुळांकडून सारा वसूल करायची पद्धत, रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर, म्हणजे विधिमंडळावर, चालून आले.

आम्ही रत्नागिरीकडचे. खळ्यावर भात झोडून झालं की आधी खोताचं माप भरायचं, उरेल ते घरी, हे आजीकडून ऐकलेलं. सगळ्यात आधी पायलीकडे, म्हणजे धान्याच्या मापाकडे बघायचं, ते शिगोशीग (वर रास येईल इतकं) भरून घेतात का, असं ती सांगायची. त्यामुळे हे विधेयक माझ्यासाठी नुसती कामकाजातली नोंद नाही. काँग्रेस सत्तेत असूनही ते मंजूर झालं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये, तेव्हाही मुख्यमंत्री खेरच होते.