मदत हवी आहे: डी व्हिटॅमिन जास्त झालं तर काय होतं?

मनवा_7: आईला (वय 67) आठ दिवस मळमळतंय, पोट साफ होत नाही, सारखी पाणी पिते आणि रात्री चार-चार वेळा उठते. शेजारच्या काकू म्हणतात, डी जास्त झालं असेल. गुडघ्यांसाठी घेतेय. होतं का असं? लवकर सांगा, उद्या मला सुट्टी नाहीये.

खडूस_आजोबा: किती घेतात, कधीपासून? नुसतं 'घेतेय'वरून काय कळणार? शुगर बघितली का?

मनवा_7: शुगर नॉर्मल. पुडी असते हो, दुधातून.

पेठकर: पुड्याबिड्या कशाला? सकाळी कोवळ्या उन्हात बसवा. आमचे वडील 84 चे, एक गोळी नाही.

उन्हाळी: अगदी कोवळ्या उन्हात डी फारसं तयारच होत नाही. आणि प्रश्न जास्त झाल्याचा आहे! उन्हाने कधी जास्त होत नाही, जादाचं त्वचाच मोडून टाकते. पुडीला तो लगाम नाही.

पेठकर: म्हणजे आमचे वडील खोटं बोलतात?

सुगरण: नाचणीची आंबील द्या, कॅल्शियम भरपूर.

उन्हाळी: अहो ताई, डी जास्त झालं की रक्तात कॅल्शियमच वाढतं. त्यात नाचणी कुठे देताय!

बाळू_नागपूर: आमच्या मिसेसचं बी12 फार कमी निघालं होतं. इंजेक्शनं घेतली, आता ठणठणीत.

खडूस_आजोबा: बाळू, बी12 चं कोणी विचारलंय? मनवा, पुडी 60,000 युनिटची ना? रोज की आठवड्याला?

मनवा_7: रोज, नाश्त्याला. चिठ्ठीवरचं अक्षर कुणाला लागतंय! आठ पुड्या होत्या, गुण वाटला म्हणून तिनेच मेडिकलमधून पुन्हा आणल्या. रिकाम्या पुड्या रबर लावून बिस्किटाच्या डब्यात ठेवल्यात. आत्ता मोजल्या, 41.

खडूस_आजोबा: म्हणजे चोवीस लाख साठ हजार युनिट! आठवड्याला एक अशी असते ती. पुड्या बंद, कॅल्शियमची गोळी असेल तर तीही बंद. उद्या नाही, आत्ता दवाखान्यात न्या. कॅल्शियम, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), डी, तिन्ही करायला सांगा. किडनीवर येतं हे. बीपीची गोळी कुठली?

मनवा_7: क्लोरथॅलिडोन लिहिलंय. त्याचा काय संबंध?

खडूस_आजोबा: त्याने कॅल्शियम आणखी वाढतं. पाकीट सोबत न्या, डॉक्टरांना दाखवा. निघा आधी.

पेठकर: घाबरवू नका हो. व्हिटॅमिनच आहे, लघवीवाटे निघून जाईल.

उन्हाळी: बी आणि सी निघून जातात. डी चरबीत साठतं.

मनवा_7: (दुसऱ्या दिवशी) कॅल्शियम 13.1, क्रिएटिनिन 1.6, दोन्ही वाढलेले. डीचा आकडा लॅबने दिलाच नाही, नुसतं '150 पेक्षा जास्त'. ॲडमिट केलंय, सलाईन चालू आहे. बीपीची गोळीही बदलली. डॉक्टर म्हणाले, उतरायला महिने लागतील. आई शुद्धीवर आहे, गप्पा मारतेय. उरलेल्या सात पुड्या मेडिकलवाला परत घेईल का, विचारतेय.